ऐकलेलं जबलपूर

जबलपूरला लोक पाहायला येतात. भेडाघाटचे संगमरवरी कडे, नावेतून जाताना बदलणारे त्यांचे रंग, चौसष्ट योगिनींचं देऊळ, मदन महालाजवळ एका खडकावर तोलून राहिलेली प्रचंड शिळा. नर्मदेच्या धबधब्यालाही धुआंधार हे नाव पडलं ते धुरासारख्या दिसणाऱ्या तुषारांवरून. खरं तर दगडी मूर्तींच्या दुकानांमधून चालत जाताना तो दिसण्याच्या बराच आधी ऐकू येतो. पण नाव ठेवताना डोळ्यांचं चाललं.

मी इथली तिसऱ्या पिढीची. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. बाहेरगावचे पाहुणे आले की हे शहर त्यांना भेटतं ते मात्र कानांनी. दुपारी चहा घेताना दूर कुठेतरी काहीतरी धडाडतं, खिडकीच्या काचा थरथरतात, पाहुण्यांच्या हातातला कप हिंदकळतो आणि आम्ही म्हणतो, "काही नाही हो, खमरियाला तोफ तपासताहेत." तोफेचा आवाज ऐकून "काही नाही" म्हणणारे कान तयार व्हायला किती वर्षं लागली असतील, त्यात कुणाकुणाचा हात असेल, हा प्रश्न मला गेली काही वर्षं छळतो आहे. आपल्याकडे शहरांचे इतिहास राजे, लढाया, इमारती आणि संस्था यांचे असतात. शहराच्या कानांचा इतिहास कोणी लिहीत नाही.

युरोपात तो लिहिला गेला आहे. आलँ कोर्बँ या फ्रेंच इतिहासकारानं 1994 साली एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या गावोगावच्या घंटांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. चर्चच्या घंटेचा आवाज जिथवर पोचतो तिथवर आपलं गाव, अशी लोकांची समजूत होती. क्रांतीच्या सरकारनं 1793 मध्ये एका परगण्याला एकच घंटा ठेवायची, बाकीच्या उतरवून वितळवायच्या, तोफा ओतायच्या, असा हुकूम काढला. गावकरी त्या घंटांसाठी भांडले, त्या लपवल्या. पुढे कित्येक दशकं घंटा कोणी वाजवायची, पाद्र्यानं की नगराध्यक्षानं, यावरून खटले आणि मारामाऱ्या झाल्या. वरवर पाहता पोरकट वाटणाऱ्या या भांडणांत कोर्बँला मोठा ऐवज दिसला. लोकांनी कधी उठावं, कधी जमावं, कधी घाबरावं हे सांगण्याचा हक्क कुणाचा, याचं ते भांडण होतं.

दुसरी गोष्ट पॅरिसमधल्याच एका डॉक्टरची. 1816 मध्ये रने लायनेक यानं कागदाची सुरळी करून एका हृदयरोगी तरुणीच्या छातीला लावली आणि तिच्यातून ऐकलं. तीन वर्षांनी त्यानं त्यावर ग्रंथ लिहिला आणि स्टेथोस्कोप जगात आला. तोवर डॉक्टर रोग्याचं म्हणणं ऐकत. आता रोगी काय म्हणतो यापेक्षा त्याचं फुप्फुस काय म्हणतं याला वजन आलं. जोनाथन स्टर्न नावाच्या अभ्यासकानं 2003 मधल्या आपल्या पुस्तकात या डॉक्टराच्या कानाची सांगड तारमास्तराच्या कानाशी घातली आहे. दोघांनाही ऐकणं शिकावं लागतं, दोघंही कामाचा आवाज घेतात आणि बाकीचा टाकतात, दोघांच्याही ऐकण्याला पगार मिळतो. आधुनिक समाजात ऐकणं हे कसब झालं, धंदा झाला. हे वाचलं तेव्हा मला पॅरिसपेक्षा माझं गाव आठवलं. ते का, ते पुढे येईलच.

जबलपूर इंग्रजांकडे आलं ते 1817 मध्ये, नागपूरकर भोसल्यांकडून. त्यानंतर काही वर्षांतच इथे विल्यम स्लीमन हा अधिकारी आला. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून त्याचं नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. कटनीच्या वाटेवरचं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. पण तो मुख्यतः ऐकत होता, हे कमी सांगितलं जातं. पकडलेल्या ठगांना माफीचे साक्षीदार करायचं, त्यांना समोर बसवायचं आणि तासन्‌तास बोलू द्यायचं, अशी त्याची रीत. त्यातून 1836 मध्ये कलकत्त्याला 'रामासियाना' हे त्याचं पुस्तक छापून निघालं. रामासी म्हणजे ठगांची गुप्त बोली. हा तिचा कोश. आपल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावर, सराईत, तळावर कान उघडे ठेवावेत आणि हे शब्द कानावर पडले तर ओळखावेत, हा त्यामागचा हेतू.

हा कोश वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते, किंवा कानात भरते म्हणा: त्यातलं जग आवाजांनी भरलेलं आहे. घुबड कुठून बोललं, कोल्हा कुठे ओरडला, गाढव कोणत्या बाजूला खिंकाळलं यावर प्रवास ठरे. डाव्या बाजूचा शकुन 'पिलहाऊ', उजवीकडचा 'थिबाऊ'. गळा आवळण्यासाठी द्यायच्या इशाऱ्याला 'झिरनी' असा शब्द. आणि तो इशारा म्हणजे तंबाखू आण वगैरे कुणालाही साधंच वाटेल असं वाक्य. ठगांची संघटना खरोखर स्लीमन म्हणतो तशी देशभर पसरलेली, देवीच्या नावानं चालणारी होती का, याबद्दल आजच्या इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि मला स्वतःला संशय घेणाऱ्यांचं म्हणणं अधिक पटतं. साखळदंडांत बसलेला माणूस साहेबाला जे ऐकायचं आहे तेच सांगणार. पण इथे मुद्दा ठगांचा नाही. सरकारनं एका बोलीचा कोश करून तो ऐकणाऱ्यांच्या हाती दिला, ही घटना जबलपुरात घडली. ऐकण्याचा सरकारी धंदा इथे फार लवकर सुरू झाला.

रेल्वेनं त्याला वेगळं वळण दिलं. ईस्ट इंडियन रेल्वेची अलाहाबादहून येणारी शाखा 1867 मध्ये जबलपूरला पोचली. मुंबईहून निघालेली जीआयपी थळघाट चढून, भुसावळ, इटारसी करत 1870 च्या मार्चमध्ये इथे येऊन मिळाली. 7 मार्चला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत समारंभ झाला आणि मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग पुरा झाला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगाची फेरी मारणाऱ्या नायकाला सुचलेली पैज याच जोडणीच्या भरवशावर उभी आहे.

दोन रेल्वे कंपन्या एका स्टेशनात भेटल्या की पहिली अडचण घड्याळाची. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, कलकत्त्याची 5 तास 53 मिनिटं. दोहोंमध्ये तासाभराहून जास्त अंतर. मधल्या प्रत्येक गावात बारा वाजायचे ते त्या गावावर सूर्य आला की. यावर तोडगा म्हणून रेल्वेनं मद्रासची वेळ घेतली. मद्रास दोन्ही टोकांच्या मध्ये पडतं आणि तिथे वेधशाळा होती. वेधशाळेतली वेळ तारेनं स्टेशनास्टेशनांत पोचू लागली. स्टेशनमास्तर ती घड्याळात उतरवी आणि फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा पडला की ती गावाच्या कानात जाई.

इथे जबलपूरच्या नशिबात एक गंमत होती आणि ती माझ्या लक्षात नकाशा समोर घेऊन गुणाकार केल्यावर आली. जबलपूरचं रेखांश साधारण 79.95 अंश, मद्रासचं 80.25 च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर दोन्ही गावांच्या सूर्यात जेमतेम एक-सव्वा मिनिटाचा फरक. म्हणजे ज्या परक्या वेळेवरून मुंबईत पुढे रण माजलं, ती जबलपूरच्या डोक्यावरच्या सूर्याला जवळजवळ जुळणारी होती. इथे रेल्वेची शिटी आणि मध्यान्हीची सावली भांडली नाहीत. इथल्या लोकांनी यंत्राची वेळ विनातक्रार का घेतली, याचं निदान एक कारण असं साधं भूगोलाचं असावं, असं मला वाटतं.

मुंबईत तसं नव्हतं. 1881 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ लावायचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. 1 जानेवारी 1906 पासून सरकारनं 82.5 अंशांवरची भारतीय प्रमाणवेळ आणली तेव्हा मुंबईकराच्या लेखी तो आपल्या घड्याळातल्या 39 मिनिटांवर पडलेला दरोडा होता. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी या वेळेविरुद्ध दगड उचलले. थंडीच्या अंधारात कामावर या असं सांगणारा भोंगा त्यांना सूर्याच्या आधी बोलावत होता. मुंबई महानगरपालिकेनं आपली वेळ थेट 1955 पर्यंत चालू ठेवली. स्वातंत्र्य मिळाल्यावरही आठ वर्षं! गिरणगावात भोंगा हा शब्द कथा-कवितांत, नाटकांत, लावण्या-पोवाड्यांत इतका का रुजला ते इथून कळतं. आणि 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाल्यावर एकेक भोंगा थांबला तेव्हा लालबाग-परळच्या माणसांना सगळ्यात आधी जाणवली ती सकाळची शांतता.

जबलपूरचा भोंगा आला 1904 मध्ये, गन कॅरेज फॅक्टरीबरोबर. तोफ ज्या गाड्यावर बसते तो गाडा बनवायचा कारखाना. देशाच्या पोटात, कुठल्याही किनाऱ्यापासून आणि सरहद्दीपासून दूर, रेल्वेच्या सांध्यावर म्हणून जागा निवडली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, 1969 मध्ये लष्करी ट्रकांचा. रांझी, घमापूर, खमरिया या वस्त्या या कारखान्यांच्या पाळ्यांवर वाढल्या. फ्रान्समध्ये घंटा वितळवून तोफा ओतल्या गेल्या. आमच्याकडे तोफांचे गाडे करणाऱ्यांनीच गावाला घंटा पुरवली.

या आवाजाला आमच्या घरात तीन नावं होती. आजी 'भोंगा' म्हणायची, कारण तिचं माहेर परळचं. मोलकरीण आणि शेजारपाजारचे 'भोंपू' म्हणायचे. कारखान्यात जाणारे काका 'हूटर' म्हणायचे. आजीचा कुकर, देवपूजा, आमची शाळेची तयारी सगळं त्यावर. घड्याळ भिंतीवर होतं, पण ते पाहायला मान वर करावी लागे आणि भोंगा आपणहून घरात येई. सकाळच्या भोंग्याला दूध तापवायचं, दुसऱ्याला डबा भरलेला पाहिजे. कारखान्याशी काडीचा संबंध नसलेली माणसंही, अगदी गोलबाजारातले सराफसुद्धा, त्याच्यावर मनगटी घड्याळ लावायचे. हा आवाज कोणी कुणाला विचारून सुरू केला नव्हता. तरी तो कुणाला गोंगाट वाटत नव्हता.

गोंगाट कशाला म्हणायचं हे ठरवणं हा या इतिहासाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज, ज्याला संगणकाचा आजोबा म्हणतात तो, रस्त्यावर पेटी वाजवत फिरणाऱ्यांच्या मागे हात धुवून लागला होता. त्यांच्याविरुद्ध 1864 मध्ये कायदाही झाला. टॉमस कार्लाइलनं चेल्सीच्या आपल्या घराच्या माथ्यावर आवाज येऊ नये म्हणून खास खोली बांधून घेतली. ती म्हणावी तशी निःशब्द झालीच नाही. घरात बसून डोक्यानं काम करणाऱ्याची शांतता ही हक्काची गोष्ट ठरली आणि रस्त्यावर हातानं कमावणाऱ्याचा आवाज उपद्रव. त्याच शहरातल्या गिरण्यांच्या आणि आगगाड्यांच्या धडधडीविरुद्ध मात्र असा कायदा सुचायला बराच काळ जावा लागला.

इथे 1861 च्या पोलीस कायद्याच्या तिसाव्या कलमानं सणासमारंभाला रस्त्यावर वाद्यं किती वाजवायची हे ठरवायचा अधिकार पोलिसांना दिला. टाळ, ढोल, ताशा हे तेव्हापासून परवान्याचे विषय झाले आणि पुढे मिरवणुका नि प्रार्थनास्थळं यांवरून ज्या दंगली झाल्या, त्यांची कागदपत्रं आवाज, वेळ आणि अंतर यांच्या हिशोबांनी भरलेली आहेत. आमच्या राज्यात 1985 पासून वेगळा कायदा आहे. त्याचं नावच कोलाहल नियंत्रण अधिनियम. नाव असं संस्कृत, भारदस्त, की वाचताना एखाद्या महाकाव्यातला युद्धप्रसंग वाटावा. केंद्राच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. लग्नाच्या मोसमात या शहरात राहणाऱ्याला या आकड्यांचं काय होतं ते सांगायला नको.

पण मला सांगायचा आहे तो दुसरा आकडा. कारखान्याच्या आत आठ तासांच्या पाळीसाठी चालतो तो आवाज 90 डेसिबलपर्यंतचा. डेसिबलची मोजपट्टी साधी नसते. दर दहाला ध्वनीची तीव्रता दसपट होते. तेव्हा 55 आणि 90 यांत जो फरक आहे तो तीन हजारपटींहून अधिक. रस्त्यावर जे ऐकवणं गुन्हा, ते भिंतीच्या आत पगाराचा भाग.

काकांनी शहरातल्या एका कारखान्यात घणाच्या विभागात बत्तीस वर्षं काढली. तापलेल्या लोखंडावर यंत्राचा घण पडतो, दर काही सेकंदाला. कानात कापूस घालायचे. पुढे रबरी बोंडं मिळाली ती घामानं सटकायची. निवृत्तीला दहाएक वर्षं असतानाच त्यांना आधी पक्षी ऐकू येईनासे झाले, मग दाराची घंटा, मग लहान मुलांचे आणि बायकांचे आवाज. हे असंच होतं, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. घरात मात्र आम्हाला वाटायचं की काका आमच्याकडे लक्ष देत नाहीत. काकू चिडायची. "माझंच बरं ऐकू येत नाही यांना, भावाचं येतं," हे तिचं ठेवणीतलं वाक्य, आणि ते शब्दशः खरं होतं; माझ्या वडिलांचा आवाज खर्जातला होता. आवाजानं येणारा बहिरेपणा कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत होता, त्याची नोंद करायची असते, भरपाईही असते. काकांच्या कागदांवर 'वयोमानानुसार' असा शब्द पडला आणि अर्ज परत आला. ते म्हणाले, "जाऊ दे गं." त्यांना भोंगा शेवटपर्यंत ऐकू येत होता. तो खालच्या पट्टीतला होता.

भोंगा सगळ्यांसाठी असतो. याच शहरात एक जागा अशीही होती, जिथे निवडक तरुणांना अगदी बारीक ऐकायला शिकवलं जाई, आणि या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी घटना तिथली आहे. ती म्हणजे इंडियन सिग्नल कोअरचं प्रशिक्षण केंद्र.

तारेचं यंत्र मुळात लिहिणारं होतं. मॉर्सच्या यंत्रातून कागदी फीत निघे, तिच्यावर टिंब आणि रेघा उमटत आणि त्या डोळ्यांनी वाचायच्या. पण काम करता करता तारमास्तरांच्या ध्यानात आलं की यंत्राच्या कट्ट-कडकट्टवरूनच मजकूर कळतो, फितीकडे पाहायची गरज नाही. अमेरिकेत वरिष्ठांनी आधी याला हरकत घेतली. मग कामाचा वेग पाहून तेच रीतसर झालं आणि कागदी फीत गेली. आपल्याकडच्या तार खात्यातही हेच कान घडले. बिनतारी आल्यावर तर कानावरच सगळं. कडकडणाऱ्या, शिटी मारणाऱ्या गोंगाटातून आपल्या कामाची बारीक पिपाणी तेवढी वेगळी काढायची आणि हातानं अक्षरं लिहीत जायचं. चांगला ऑपरेटर पलीकडच्या माणसाला त्याच्या 'हाता'वरून ओळखतो, जसं आपण कुणाला चालण्यावरून ओळखतो. स्टर्न ज्याला शिकवलेला कान म्हणतो तो हाच. म्हणून त्याचं पुस्तक वाचताना मला जबलपूर आठवलं.

दुसऱ्या महायुद्धात या केंद्रातून हजारो जवान शिकून निघाले. साधारण शिपायापेक्षा शिकलेले, इंग्रजी अक्षरं जाणणारे, बरेचसे शाळेत वरच्या वर्गांपर्यंत पोचलेले. साम्राज्याचे निरोप यांच्या कानांतून जात. युद्ध संपलं आणि हे लोक बरॅकीत घरी जायची वाट पाहत बसले. जेवण वाईट, पगार गोऱ्या सिग्नलवाल्यांच्या मानानं फारच कमी, वागणूक तशीच. दिल्लीत आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले गाजत होते.

मुंबईत 18 फेब्रुवारी 1946 ला नौसैनिकांनी संप पुकारला. तो कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल तळावर सुरू झाला हे सगळ्यांना माहीत असतं. 'तलवार' ही नौदलाची सिग्नल शाळा होती, हे पुष्कळदा सांगायचं राहून जातं. बी. सी. दत्त टेलिग्राफिस्ट, एम. एस. खान सिग्नलमन, मदन सिंग टेलिग्राफिस्ट. संपाचे पुढारी ऐकण्याच्या धंद्यातले होते. ठिणगीही कानावर पडलेल्या शब्दांची. 8 फेब्रुवारीला तळाचा कमांडर किंग यानं बरॅकीत येऊन खलाशांना आईबापांवरून शिव्या दिल्या होत्या आणि त्यावर केलेल्या तक्रारीचं काही झालं नव्हतं. संप सुरू झाला आणि 'तलवार'च्या बिनतारी यंत्रावरून जहाजाजहाजांना बातमी गेली. जी यंत्रं सरकारचे हुकूम वाहायला बसवली होती, त्यांच्यावरूनच संप 78 जहाजं आणि 20 किनारी तळांपर्यंत पोचला. 21 तारखेला ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून धमकी दिली की नौदल नष्ट झालं तरी चालेल, पण शिस्त मोडू दिली जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईचा कामगार रस्त्यावर आला, गिरण्यांचे भोंगे वाजून गिरण्या रिकाम्या राहिल्या, गोळीबार झाला. परळमध्ये कमल दोंदे त्यात गेल्या. दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मारली गेली.

खलाशांनी 23 ला शरणागती पत्करली. चार दिवसांनी, 27 फेब्रुवारीला, जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातले जवान परेड सोडून बाहेर पडले. हातात काँग्रेसचा आणि मुस्लिम लीगचा असे दोन्ही झेंडे, तोंडी जयहिंदचा घोष. छावणीतून शहरात, टिळकांच्या नावाच्या तिलक भूमी तलैया मैदानापर्यंत त्यांचा मोर्चा गेला. मग परत बरॅकीत. पुढले चार-पाच दिवस हे चाललं आणि दीड हजारांहून जास्त जवान त्यात सामील झाले. गोऱ्या पलटणी आणल्या, पुढाऱ्यांना वेगळं काढताना संगिनी चालल्या, काही जण जखमी झाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळं शांत झालं. काहींना कैद झाली, पुष्कळांना पेन्शनशिवाय घरी पाठवण्यात आलं.

या उठावाचं नाव पाठ्यपुस्तकांत क्वचित येतं. मुंबईचा उठाव समुद्रावरचा, तोफा रोखलेल्या जहाजांचा, दिसायला भव्य. जबलपूरचा पायी, धुळीतला. काँग्रेस आणि लीग या दोघांच्याही पुढाऱ्यांना त्या वेळी शिस्त मोडलेलं सैन्य नको होतं, दोघांनाही ते लवकरच आपल्या हातात येणार होतं. आणि दोन झेंडे एका हातात धरलेल्या त्या मोर्चाचं, पुढच्या दीड वर्षात जे घडलं त्यानंतर, कोणाला काय करायचं होतं? मला वाटतं तो विसरला गेला त्याचं खरं कारण हे शेवटचं आहे.

इतिहासकार त्याची कारणं मोजतात: जेवण, पगार, आझाद हिंद सेना, नाविकांची बातमी. सगळी बरोबर आहेत. मी त्यांत एक घालीन. ही माणसं महिनोन्‌महिने, दिवसाचे कित्येक तास, कानाला यंत्र लावून गोंगाटातून अर्थ वेगळा काढायला शिकली होती. कोणत्या आवाजाकडे लक्ष द्यायचं आणि कोणता सोडून द्यायचा हे त्यांना शिकवलं होतं ते साम्राज्याच्या कामासाठी. त्या फेब्रुवारीत त्यांनी ते आपल्या मनानं ठरवलं. नऊशे किलोमीटरवरच्या आपल्याच धंद्यातल्या, आपल्याच वयाच्या पोरांचं म्हणणं त्यांना ऐकू आलं आणि परेडचा बिगुल ऐकू आला नाही.

सिग्नलचं केंद्र जबलपुरात आजही आहे. तार खातं जुलै 2013 मध्ये बंद झालं. 7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात जबलपूर होतं. त्या दिवशी शहरात भोंगे वाजले. तरुण मंडळी मोबाईल उंच करून त्याचं चित्रण करत होती. आमच्या गल्लीतले दोन-तीन म्हातारे फाटकाशी उभे होते. भोंगा वरखाली होत वाजला की धोका, एकसुरी लांबला की संपलं, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. तिलक भूमी तलैयाच्या मैदानावर आजही सभा होतात, कार्यक्रम होतात, खांबांवर लाउडस्पीकर चढतात. 1946 च्या त्या मोर्चातल्या एकाचाही आवाज कुठे ध्वनिमुद्रित झालेला नाही. त्यांचं जे काही आज वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं लष्करी चौकशीच्या कागदांतलं आहे, चौकशी अधिकाऱ्याला जसं ऐकू आलं तसं.